जरा खालच्या पट्टीत

आमच्या घरात तीन भाषा एकाच वेळी चालतात. माझं मूळ गाव किनवट तालुक्यातलं. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे मी इथल्या कॉलेजात रुजू झालो तेव्हा आजोबांच्या हिशेबाने मी परगावी गेलोच नव्हतो. सौ. भालकीची, म्हणजे बीदर जिल्ह्यातली. बोलणं कन्नडमध्ये, शाळा मराठी. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तेलुगू. निजामाच्या एका राज्यातली ही तीन टोकं १९५६ साली तीन राज्यांत गेली आणि आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा एकत्र आली, असं मी वर्गात गमतीने सांगतो. मुलं हसत नाहीत. इतिहासाच्या तासाला कोणी हसत नाही.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. वय एकाहत्तर. प्रकृती ठणठणीत, गुडघे सोडले तर, आणि कान सोडले तर. कानाचं मशीन आणून दिलं आहे, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून बहुतेक वेळ डबीत असतं. त्यांचं ऐकणं निम्मं कानाने आणि निम्मं डोळ्यांनी चालतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्यांना बरंच कळतं, विशेषतः कन्नड असेल तर. आणि त्यातही त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे ओठ असतील, तर एक शब्द सुटत नाही. सत्तर वर्षांची सवय आहे.

अक्का बीदरला असतात. दोघी बहिणी दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलतात, आणि त्यासाठी आमच्या घरातला जुना लॅपटॉप मागच्या खोलीत तांदळाच्या डब्यावर ठेवला जातो. फोनचा पडदा लहान. त्यात अक्कांचा चेहरा सुपारीएवढा दिसतो आणि ओठ तर दिसतच नाहीत. लॅपटॉपवर अक्का जवळजवळ खऱ्याएवढ्या होतात. हा लॅपटॉप मी २०१४ साली घेतला. बॅटरी कधीच गेली, वायर लावूनच चालतो, पण रविवारच्या कामाला पक्का.

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट सांगतो. सोमवारी सकाळी हैदराबादला अक्कांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वय चौऱ्याहत्तर, साखर आहे, डॉक्टरांनी नातेवाइकांना बसवून सगळं स्पष्ट सांगितलेलं. सासूबाईंना जायचं होतं, पण तीनशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. मग ठरलं, रविवारी पाच वाजता अक्कांचा नातू त्याच्या फोनवरून कॉल लावेल. साडेपाचला भेटण्याची वेळ संपते. म्हणजे हातात अर्धा तास.

दुपारी साडेतीनला मी लॅपटॉप उघडला आणि पाहतो तर आमचं वायफाय त्यात नाहीच.

नाही म्हणजे यादीत नावच नाही. शेजारच्यांचं नाव आहे, समोरच्या किराणा दुकानाचं आहे, गल्लीच्या टोकाचं एक अर्धवट सिग्नलवालं आहे, आमचं नाही. माझ्या फोनवर मात्र आमचं नाव पहिलं, सगळ्या रेघा भरलेलं. मुलीच्या फोनवर तेच. सौ.च्या फोनवर तेच. लॅपटॉपला तेवढं दिसत नाही.

अशा वेळी घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. सौ. म्हणाली, "अहो, बंद करून चालू करा." केलं. नंतर राउटर बंद करून चालू केला. नंतर दोन्ही एकदम. लॅपटॉप उचलून ओसरीवर, अगदी राउटरच्या खाली आणला. तिथेही नाही. पूर्वी दूरदर्शनसाठी आम्ही गच्चीवर चढून अँटेना फिरवायचो आणि खालून कोणीतरी "आलं, आलं, गेलं" ओरडायचं, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की तेव्हा निदान मुंग्या तरी दिसायच्या.

सासूबाई साडी बदलून, केस विंचरून चार वाजताच डब्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "एनायतु?" म्हणाल्या. सौ.ने मोठ्याने सांगितलं, काही नाही, चालू होतंय. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने आणखी मोठ्याने सांगितलं. त्या हसल्या आणि "केळस्ता इल्ल" म्हणाल्या.

सव्वाचारला माझा धीर सुटला. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, ते दाबलं की सगळं नव्यासारखं होतं, असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं. मी टाचणी घेऊन उभा राहिलो आणि मुलगी ओरडली, "बाबा, थांबा!" ती इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं, त्या भोकाने राउटर कोरा होतो, लाइन देणाऱ्याने त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जाऊ शकतो, मग आत्ता तीन फोन चालताहेत तेही बंद पडतील. आज रविवार आहे, तो मुलगा उद्याशिवाय येणार नाही. मी टाचणी खाली ठेवली. वाचकांनाही माझी विनंती, ती टाचणी शेवटचा उपाय म्हणूनच हातात घ्या, आणि आपल्या जोडणीचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घेतल्याशिवाय तर घेऊच नका.

मग तिने जे केलं ते मला अजून आवडतं, कारण ते अगदी साधं होतं. तिने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉपच्या यादीत तिच्या फोनचं नाव लगेच आलं. म्हणजे लॅपटॉप आंधळा नव्हता. शेजारचं दिसत होतं तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला समोरचा पुरावा दिसत नाही. नंतर तिने फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा बदलला. २.४ गिगाहर्ट्झ होता तो ५ केला. लॅपटॉपमधून तिच्या फोनचं नाव गेलं. परत २.४ केला. नाव आलं. पुन्हा ५. गेलं. चार-पाच वेळा तिने हे केलं, मला पटेपर्यंत.

तोवर पाचला दहा मिनिटं होती. हॉटस्पॉट २.४ वर ठेवून कॉल त्याच्यावरच लावला. मुलीचं त्या दिवसाचं नेट अक्कांच्या कामी आलं.

दोघी काय बोलल्या? ऑपरेशनबद्दल जवळजवळ काहीच नाही. "ऊटा आयतेनु?" इथून सुरुवात. मग बीदरच्या घरातल्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे, हे अक्कांनी सांगितलं. पिठाच्या डब्यामागे, जुन्या चष्म्याच्या घरात. सासूबाईंनी मान डोलावली. अक्कांनी ते पुन्हा एकदा, सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं. सासूबाईंनी पुन्हा मान डोलावली आणि पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. सौ. उठून आत गेली. किल्लीचा विषय का निघाला, हे सगळ्यांना कळत होतं. हे वाक्य फोनच्या सुपारीएवढ्या चेहऱ्यावर सासूबाईंना वाचता आलं नसतं.

त्या रात्री मी यादीत नसलेल्या त्या नावाचा विचार करत होतो आणि मला नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना तिकडे नेलं होतं. आमची तक्रार अशी की त्यांना माझं बोलणं थोडंफार कळतं, पण लेकीचं आणि नातीचं अजिबात कळत नाही. त्या दोघी तर जास्त मोठ्याने बोलतात. डॉक्टर म्हणाले, मोठ्याने बोलण्याचा हा प्रश्नच नाही. वय झालं की कानाची वरची पट्टी आधी जाते. बारीक, उंच आवाज, बायका-मुलांचे आवाज, बोलण्यातले स, फ, त असले हलके वर्ण हे आधी हरवतात. खालचा, भारदस्त आवाज बराच काळ टिकतो. तुम्ही ओरडता तेव्हा तुमचा आवाज आणखी वर चढतो, म्हणजे जिथे त्यांचा कान उरलेलाच नाही तिथे तुम्ही जोर लावता. समोर बसा, सावकाश बोला, जरा खालच्या पट्टीत बोला.

आमचा राउटर नेमकं हेच करत होता. ओरडत होता, पण वरच्या पट्टीत.

वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच. राउटर आणि लॅपटॉप एकमेकांशी रेडिओलहरींनी बोलतात, आणि घरातल्या वायफायसाठी मुख्यतः दोन पट्टे वापरले जातात. खालचा २.४ गिगाहर्ट्झचा, वरचा ५ गिगाहर्ट्झचा. आपल्या देशात २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळा झाला. ५ चा मोठा भाग घराबाहेर वापरायलाही २०१८ मध्ये मोकळा झाला. खालच्या पट्ट्यातली लहर साधारण बारा सेंटिमीटर लांब, वरच्यातली त्याच्या निम्मी, म्हणजे तीन-चार बोटं. आखूड लहरीवर भरभर पुष्कळ माहिती नेता येते, पण तिला भिंत सोसत नाही. लग्नाची वरात दोन गल्ल्या पलीकडून जाते तेव्हा घरात बसून काय ऐकू येतं? ढोल ऐकू येतो, सनई येत नाही. तसंच हे. आमच्या घराच्या जुन्या भागाच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फुटी. मागच्या खोलीपर्यंत ५ ची लहर पोचतानाच दमते.

पण भिंत हा आमचा त्या दिवशीचा दोष नव्हता. राउटरच्या पायाशी नेऊनही लॅपटॉपला नाव दिसलं नव्हतं. कारण त्याला वरच्या पट्ट्याचा कानच नाही. वायफायच्या नियमावलीचा आकडा ८०२.११, पहिली आवृत्ती १९९७ ची. पुढे तिला इंग्रजी अक्षरं चिकटत गेली. १९९९ साली बी आणि ए, २००३ मध्ये जी, २००९ मध्ये एन, २०१३ मध्ये एसी. यातली बी आणि जी ही फक्त खालच्या पट्ट्यातली, ए आणि एसी वरच्या. एन दोन्हीकडे चालतं, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये बसवलेलं एनचं कार्ड बऱ्याचदा खालच्या पट्ट्यापुरतंच असायचं. माझ्या लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या नावापुढे लिहिलं आहे, बी-जी-एन. ए नाही, एसी नाही. अकरा-बारा वर्षं मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मग आधी इतकी वर्षं कसं चाललं? कारण आमचा जुना राउटर फक्त २.४ चा होता. गुरुवारी फायबरचा नवा डबा बसवून गेले, त्यात दोन्ही पट्टे होते. बसवणाऱ्या मुलाने खालचा बंद करून वरचा तेवढा ठेवला. आमचे फोन तीन-चार वर्षांचे, त्यांना दोन्ही कळतं. त्यांचं काही बिघडलं नाही. गुरुवारी बदल झाला आणि रविवारी लॅपटॉप उघडला, म्हणून मधले तीन दिवस कोणाला पत्ता नाही. बिघाड झाला की पहिला प्रश्न हाच विचारावा, शेवटचं कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं. मी वर्गात कारणमीमांसा शिकवतो आणि घरी टाचणी घेऊन उभा राहतो.

त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला तर पाच जणांनी आपापली दुखणी बाहेर काढली. त्यातून एक कळलं, आपण सगळ्यालाच "नेट चालत नाही" म्हणतो, पण ही तीन वेगळी दुखणी आहेत. नाव दिसतच नाही, हे एक. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, हे दुसरं. त्यात बहुधा पासवर्डाची चूक, किंवा नव्या राउटरची डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षापद्धत जुन्या यंत्राला कळत नाही. आणि जोडलंय पण काही उघडत नाही, हे तिसरं. ते लाइनचं दुखणं. राउटरवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबर तुटलं आहे किंवा वाकलं आहे, पण तेव्हाही वायफायचं नाव यादीत दिसतच राहतं. नाव दिसत नसेल तर लाइनवाल्याला शिव्या देण्याआधी थोडं थांबावं.

नाव दिसत नसताना आमच्या मुलीची पद्धत मला सर्वांत सोपी वाटते. आपलं वायफाय दुसऱ्या कोणाला दिसतं का, आणि या यंत्राला दुसरं कोणाचं दिसतं का, एवढं पाहायचं. फोनलाही दिसत नसेल तर दोष राउटरचा. त्याचा वायफायचा दिवा विझलेला असेल. काही राउटरांच्या पाठीवर वायफाय बंद-चालू करायचं बटण असतं, झाडझूड करताना ते दाबलं जातं. आमच्या एका सहकाऱ्याकडे हे दोनदा झालं.

यंत्राला कुठलंच नाव दिसत नसेल तर दोष यंत्राचा, आणि त्यातही बहुधा क्षुल्लक. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची सरकती कळ असते. नव्यांत ती वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर असते, विमानाचं किंवा मनोऱ्याचं चित्र असलेल्या. एफएन धरून ते दाबलं की वायफाय बंद, पुन्हा दाबलं की चालू. लहान मुलं हे बटण अचूक शोधतात. तरी नाही आलं तर यंत्र रीस्टार्ट करावं. इथे एक बारकी गोष्ट आहे. विंडोज १० मध्ये शटडाउन केलं तरी यंत्र बहुधा पूर्ण झोपत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धं जागं राहतं. रीस्टार्ट केलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून दहा वेळा बंद-चालू करून न सुटलेलं कधीकधी एका रीस्टार्टने सुटतं. त्यापुढे डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं कार्ड दिसतं का ते पाहावं. त्यावर पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर पुन्हा घालावा लागतो. कार्डाचं नावच नसेल तर ते सैल झालं आहे किंवा गेलं आहे. ते काम दुकानातलं.

आणि शेजाऱ्यांचं दिसतं, फोनला आपलंही दिसतं, फक्त या यंत्राला आपलं दिसत नाही, हे आमचं दुखणं असेल तर पट्टी पाहा. याचाच एक धाकटा भाऊ आहे, तोही सांगतो. २.४ च्या पट्ट्यात तेरा चॅनेल असतात आणि आपल्याकडे तेराही चालतात. अमेरिकेत मात्र पहिली अकराच वापरायची रीत आहे. तिकडून कोणाच्या भाच्याने आणलेला लॅपटॉप असेल आणि राउटर बारा किंवा तेरावर बसला असेल, तर त्या लॅपटॉपला तो दिसणार नाही. राउटरला एक, सहा किंवा अकरा या चॅनेलवर बसवलं की झालं. शिवाय कोणी सुरक्षेच्या नादात नाव लपवून ठेवलेलं असतं. मग फोन जुन्या ओळखीवर जोडला जातो आणि नव्या यंत्राच्या यादीत नाव येत नाही. लपवल्याने चोर थांबत नाही, घरचेच चाचपडतात. नाव उघडं ठेवावं आणि पासवर्ड चांगला ठेवावा.

सोमवारी दुपारी इंटरनेटवाला मुलगा आला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण तो बिचारा पावसात भिजून आलेला. फोन काढून दाखवला, "सिग्नल फुल उंदि सार." मी लॅपटॉप दाखवला. त्याने त्यावरचं स्टिकर पाहिलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. फोनवरूनच ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा टाकून त्याने राउटरचं पान उघडलं. २.४ पुढची खूण खरंच काढलेली होती. का काढली विचारलं तर म्हणाला, लोक वेग मोजतात सार, २.४ वर जोडलेलं असलं की वेग कमी दिसतो आणि फोन करून ओरडतात, म्हणून मी बंदच करून टाकतो. त्याच्या जागी त्याचंही खरं होतं. तिथेही कोणीतरी ओरडतंच होतं.

खूण लावली, नाव आलं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव ठेवता येतं, मग यंत्र आपल्या सोयीने पट्टा निवडतं. पण मी त्याला दोन वेगळी नावं ठेवायला सांगितली, म्हणजे पुन्हा काही झालं तर कोणता पट्टा गेला हे यादी बघूनच कळेल. वरच्याला आमचं जुनंच नाव राहिलं. खालच्याला मुलीने नाव दिलं, अज्जी. वेग कमी आहे खरा, पण एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ होतात, आणि दगडमातीची भिंत ओलांडून मागच्या खोलीत अज्जी व्यवस्थित पोचते.

दोन्ही पट्टे समजणारा, बोटाच्या पेराएवढा एक यूएसबी अडॅप्टर मिळतो. तो जुन्या लॅपटॉपला लावला की त्यालाही वरची पट्टी कळते. मी अजून घेतला नाही. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत पुरेल अशी लॅनची वायर मात्र आणून ठेवली आहे, कारण ऐन वेळी वायरला पट्टी-बिट्टी काही लागत नाही. लॅपटॉपही आता बदलायला हवा हे कळतं, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ पासून नवे सुरक्षा-सुधार देणं बंद झालं आहे. त्याच्यावर बँकेचं काम मी कधीच थांबवलं आहे. रविवारपुरता तो राहू दे, असं घरात ठरलं.

अक्कांचं ऑपरेशन चार तास चाललं. संध्याकाळी सात वाजता नातवाचा फोन आला की शुद्धीवर आल्या आहेत. सौ. ते सांगायला मागच्या खोलीत धावत गेली आणि सवयीने दारातूनच ओरडली. मग थांबली, सासूबाईंच्या समोर जाऊन जमिनीवर बसली आणि हळू, जाड आवाजात सांगितलं. त्यांना एकदाच सांगावं लागलं.

पुढच्या महिन्यात अक्का बीदरला परतल्या. किल्ली पुन्हा पिठाच्या डब्यामागे गेली की कुठे, ते दोघींनाच माहीत. रविवारचा कॉल चालू आहे. मध्यंतरी दोन रविवार चित्र अडकत होतं आणि मी पुन्हा राउटरभोवती घुटमळू लागलो होतो. तेव्हा मुलीने शोधून काढलं की स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच २.४ च्या आसपास काम करतो. तेव्हापासून रविवारी पाच ते साडेपाच आमच्याकडे काहीही गरम करायचं असेल तर गॅसवर.